रेनेसाँच्या कविता आणि नाटकं: आधी ओळ मोजा, मग व्याख्या

इंग्रजी स्पेशल घेतलेल्या मुलामुलींच्या वह्या उघडल्या की पहिली चार-पाच पानं व्याख्यांनी भरलेली दिसतात. सॉनेट म्हणजे चौदा ओळींची कविता. ब्लँक व्हर्स म्हणजे यमक नसलेलं आयँबिक पेंटामीटर. कन्सीट म्हणजे लांबवलेली, दूरान्वयाची उपमा. व्याख्या बरोबर असतात, पाठही असतात. पण आधी न पाहिलेली कविता समोर ठेवली की त्यातली एकही उपयोगी पडत नाही. या संज्ञा ज्या कामासाठी आहेत ते काम कुणी करूनच पाहिलेलं नसतं.

ते काम कसं करायचं, ते इथं सांगितलं आहे. रेनेसाँ म्हणजे प्रबोधनकाळ; इथं धरायचा तो इंग्लंडमधला, साधारण १५५७ ते १६४२. १५५७ साली टॉटल नावाच्या प्रकाशकानं काढलेल्या संग्रहात वायट आणि सरे या कवींची सॉनेट्स पहिल्यांदा छापून आली. तोवर दोघेही हयात नव्हते. १६४२ च्या सप्टेंबरात पार्लमेंटनं लंडनची नाटकगृहं बंद केली.

सामान फारसं लागत नाही. शिसपेन्सिल, दोन ओळींत दुप्पट जागा सोडून काढलेली कवितेची प्रिंट, आणि मोठ्यानं वाचता येईल अशी जागा. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक मिळेल, पण तिथं मोठ्यानं वाचता येणार नाही. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर संध्याकाळी कुणी अडवत नाही. पहिल्यांदा एका सॉनेटला पाऊण तास द्या.

ओळ मोजणं

शेक्सपिअरच्या अठराव्या सॉनेटची पहिली ओळ घ्या: शॅल आय कम्पेअर दी टु अ समर्झ डे.

पहिली पायरी सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे, मोजण्याची. इथंच मराठी वाचक घसरतो, कारण तो मनातल्या मनात देवनागरीत लिहून अक्षरं मोजतो. 'शेक' देवनागरीत दोन अक्षरं, पण इंग्रजीत एक सिलॅबल. 'पेअर' दोन-तीन वाटतं, तेही एकच. 'विंड्झ' लिहायला कितीही किचकट असलं तरी एकच. खात्रीचा उपाय असा: हनुवटीखाली हात आडवा धरा आणि ओळ सावकाश म्हणा. हनुवटी जितक्या वेळा हाताला टेकेल तितके सिलॅबल. वरच्या ओळीत दहा यायला हवेत. नऊ किंवा अकरा आले तर पुन्हा म्हणा. तरीही तेच आले तर ओळीत काहीतरी मुद्दाम केलेलं आहे, तिथं खूण करून पुढं चला.

दुसरी पायरी आघाताची, म्हणजे जोर कुठं पडतो ते पाहण्याची. इथं क्रम पाळा. आधी दोन किंवा जास्त सिलॅबलचे शब्द शोधा आणि शब्दकोशात त्यांचा आघात कुठं आहे ते पाहा, कारण तो ठरलेला असतो: 'कम्पेअर'मध्ये दुसऱ्या सिलॅबलवर, 'समर'मध्ये पहिल्यावर. आघाताच्या सिलॅबलवर तिरकी रेघ, बाकीच्यावर फुली. मग एका सिलॅबलचे वजनदार शब्द घ्या, म्हणजे नामं, क्रियापदं, विशेषणं. 'अ', 'द', 'टु', 'ऑफ' यांना शेवटी हात लावा. आता ओळ अशी तुटते:

शॅल आय | कम्पेअर | दी टु | अ सम | मर्झ डे

पाच तुकडे, प्रत्येकी दोन सिलॅबल. कम्पेअर, अ सम आणि मर्झ डे या तुकड्यांत आघात दुसऱ्या सिलॅबलवर स्पष्ट ऐकू येतो. हलका आणि मग जड, या जोडीला आयँब म्हणायचं. असे पाच म्हणजे पेंटामीटर. उलटी जोडी, जड मग हलका, म्हणजे ट्रोकी. दोन्ही जड असले तर स्पाँडी. 'शॅल आय' आणि 'दी टु' हे तुकडे कसे म्हणायचे यावर जाणकारांतही मतभेद होतात. तिथं दोन्ही वाचनं चालतात, फक्त आपण कोणतं आणि का घेतलं हे सांगता यायला हवं.

आपल्या छंदशास्त्राची सवय इथं अर्धी मदत करते आणि अर्धी आडवी येते. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, म्हणजे प्रत्येक चरणात यगण चार वेळा, एक लघु आणि दोन गुरू. ओळ ठरलेल्या तुकड्यांची असते हे शाळेपासून कानात बसलेलं असतं, ते कामाला येतं. पण लघु-गुरू हा उच्चाराला लागणाऱ्या वेळेचा हिशेब आहे आणि इंग्रजी ओळ जोरावर चालते. 'समर'मधला पहिला स्वर आखूड आहे, तरी आघात त्याच्यावरच. लघु-गुरूचं गणित पक्कं हवं असेल त्यांनी माधव जूलियन यांची 'छंदोरचना' जरूर वाचावी. ते इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवत. इंग्रजी ओळीवर मात्र ते गणित लावू नये.

तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि बहुतेक जण तिच्या आधीच पेन्सिल ठेवतात. ओळ साच्यात कुठं बसत नाही ते शोधायचं. अठराव्याच सॉनेटची तिसरी ओळ: रफ विंड्झ डू शेक द डार्लिंग बड्झ ऑफ मे. सिलॅबल दहाच, पण 'रफ विंड्झ' म्हणताना 'रफ' हलकं म्हणून पाहा. तोंड ऐकत नाही. दोन्हीवर जोर येतो, ओळ धक्का देऊन सुरू होते आणि 'डार्लिंग बड्झ'पाशी पुन्हा मऊ होते. वारा कुठं आहे आणि कळ्या कुठं आहेत ते लयीतच ऐकू येतं. 'कवीनं स्पाँडी वापरला आहे' एवढंच लिहून थांबू नका. तो वाऱ्यावर वापरला आहे हे लिहा.

दुसऱ्या ओळीत वेगळी गंमत आहे. शेवटचा शब्द 'टेम्परेट' आपण घाईत 'टेम्प्रेट' म्हणतो आणि ओळ नऊवर अडकते. तीन सिलॅबल पुरे म्हटले की दहा होतात. त्या काळच्या इंग्रजीत क्रियापदांच्या शेवटच्या 'एड'चंही असंच. रोमिओला हद्दपारीची बातमी कळते तेव्हा तो म्हणतो: हेन्स बॅनिशेड इज बॅनिश्ड फ्रॉम द वर्ल्ड. एकाच ओळीत तोच शब्द आधी तीन सिलॅबलचा आणि नंतर दोनचा. दोन्ही सारखेच म्हटले तर दहाचा हिशेब जुळत नाही. चांगल्या आवृत्तीत अशा 'एड'वर छोटी खूण दिलेली असते. गाइडात ती सहसा गायब असते.

आणि 'टू बी, ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन'? मोजा. अकरा. शेवटी एक हलका सिलॅबल उरतो, त्याला फेमिनिन एंडिंग म्हणतात. ओळ मिटत नाही, लोंबकळत राहते. त्या भाषणाच्या पहिल्या चारही ओळी अशाच संपतात.

सॉनेट

अर्थ लावायच्या आधी उजव्या समासात यमकांची अक्षरं लिहा. पहिल्या ओळीला 'अ', यमक जुळेल तिला 'अ', न जुळेल तिला 'ब', असं करत खाली या. शेक्सपिअरी सॉनेट असेल तर अबअब कडकड इफइफ गग असं निघतं: चार-चार ओळींचे तीन क्वाट्रेन आणि शेवटी दोन ओळींचा कपलेट. पेट्रार्ककडून आलेलं इटालियन सॉनेट असेल तर पहिल्या आठ ओळी अबबअ अबबअ, मग सहा ओळींत कडइ कडइ किंवा कडकडकड. आठांना ऑक्टेव्ह, सहांना सेस्टेट. स्पेन्सरचं असेल तर एका कडव्याचं यमक पुढच्यात शिरलेलं दिसेल: अबअब बकबक कडकड इइ.

यमक कानाला जुळत नसेल तर लगेच 'यमक नाही' असं लिहू नका. शेक्सपिअरच्या ११६ व्या सॉनेटचा शेवट 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' या शब्दांवर होतो. आजच्या उच्चारात ते जुळत नाहीत, त्या काळच्या जुळत असत.

साचा कळला की वळण शोधा. याला व्होल्टा म्हणतात. इटालियन सॉनेटमध्ये ते नवव्या ओळीपाशी असतं. 'शेक्सपिअरमध्ये व्होल्टा तेराव्या ओळीत येतो' हे वाक्य मात्र वहीतून खोडून टाका. अठराव्या सॉनेटमध्ये 'बट दाय इटर्नल समर' ही ओळ नववी आहे आणि कविता तिथंच वळते: आठ ओळी उन्हाळा कसा टिकत नाही ते सांगते, नवव्यापासून तुझा उन्हाळा टिकेल म्हणते. साचा शेक्सपिअरी, वळण इटालियन. याउलट १३० वं सॉनेट बारा ओळी एकाच सुरात चालतं. तिचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठांपेक्षा पोवळं लाल आहे, केस तारांसारखे आहेत. मग तेराव्या ओळीत 'अँड येट' येतं आणि सगळं उलटतं. 'बट', 'येट', 'देन', 'सो' असे शब्द पेन्सिलीनं गोल करा. वळण बहुधा त्यांच्याच आसपास असतं.

त्याच १३० व्यात आणखी एक संज्ञा फुकट मिळते. प्रेयसीच्या अवयवांची डोक्यापासून क्रमानं स्तुती करण्याच्या प्रथेला ब्लाझन म्हणत. संस्कृत काव्यातलं नखशिखांत वर्णन माहीत असलेल्याला हे नवं नाही. शेक्सपिअर इथं ती प्रथा घेतो आणि प्रत्येक उपमा नाकारत जातो. म्हणून हे ब्लाझनचं विडंबन, प्रेयसीची टिंगल नव्हे. 'कवी तिला कुरूप म्हणतो' असं लिहिणाऱ्यानं शेवटच्या दोन ओळी वाचलेल्या नसतात.

सॉनेटमालांचे आकडे एकदा नीट लिहून ठेवा: सिडनीच्या 'अॅस्ट्रोफिल अँड स्टेला'मध्ये १०८ सॉनेट्स, छापील १५९१, स्पेन्सरच्या 'अमोरेटी'त ८९, १५९५, शेक्सपिअरची १५४, १६०९. शेक्सपिअरची पहिली १२६ बहुतांशी एका तरुणाला उद्देशून धरली जातात, १२७ ते १५२ एका सावळ्या स्त्रीविषयी. 'सॉनेट म्हणजे चौदा ओळी' यावर आंधळा विश्वास असेल तर ९९ वं उघडा, त्यात पंधरा आहेत. १२६ व्यात बारा. १४५ व्यात चौदाच, पण ओळी चार-चार पायांच्या.

डन आणि त्याची मंडळी

कवी जॉन डन. नाव 'डन'. 'डॉन' नाही, 'डोन' नाही. त्याच्या कविता १६३३ साली, मरणानंतर दोन वर्षांनी पुस्तकरूपात आल्या. 'मेटाफिजिकल' हा शिक्का डन, मार्व्हेल वगैरे कवींनी स्वतःवर मारलेला नाही; तो रूढ केला अठराव्या शतकात सॅम्युएल जॉन्सननं, आणि कौतुकानं नव्हे.

कन्सीट ओळखायची सोपी कसोटी: उपमा एका मुद्द्यावर थांबते की काम करत राहते? ओठ गुलाबासारखे, रंग सारखा, संपलं. ही साधी उपमा. डनची 'अ व्हॅलेडिक्शन: फर्बिडिंग मोर्निंग' घ्या. ३६ ओळींची कविता, शेवटच्या बारा ओळींत कंपासपेटीतला कंपास येतो. वहीवर दोन रकाने आखा. डावीकडं कंपास, उजवीकडं प्रेमी जीव, आणि एकेक जोडी लिहा. मधला पाय रोवलेला, ती घरी. बाहेरचा पाय फिरतो; तो प्रवासाला. बाहेरचा लांब गेला की मधला त्याच्याकडं झुकतो. ती त्याच्या ओढीनं कलते. बाहेरचा परत आला की मधला ताठ उभा राहतो. मधला पक्का म्हणून वर्तुळ बिनचूक पुरं होतं. तिच्या स्थैर्यामुळं तो निघाला तिथंच येऊन पोहोचतो. पाच जोड्या निघाल्या. दोनच्या पुढं जोड्या गेल्या आणि त्यातून युक्तिवाद उभा राहिला तर कन्सीट म्हणायला हरकत नाही. नुसती चमत्कारिक उपमा दिसली की तिला कन्सीट म्हणणं ही या विषयातली सगळ्यात पसरलेली चूक आहे.

मार्व्हेलच्या 'टु हिज कॉय मिस्ट्रेस'साठी वेगळं करा. ४६ ओळींचे तीन भाग पाडा: २०, १२, १४. पहिला 'वेळ असता तर', दुसरा 'पण वेळ नाही', तिसरा 'म्हणून आता'. तर्कशास्त्रातला सिलॉजिझम, म्हणजे दोन विधानांवरून तिसरं काढणं, जसाच्या तसा. पहिल्या भागात ती गंगेकाठी माणकं वेचते आणि तो हंबर नदीकाठी रडत बसतो. हंबर त्याच्या स्वतःच्या हल गावाची, म्हणजे जवळची आणि मळकट. अंतराची अतिशयोक्ती आणि विनोद एकाच फटक्यात. 'आजचा दिवस गाठ, फूल सुकेल' या विषयाला कार्पे डिएम म्हणतात. हेरिकची कुमारिकांना उद्देशून लिहिलेली कविता त्याचाच सोपा नमुना, एका बैठकीत होते.

पास्टोरल, एलेजी (शोकगीत), एपिथलेमियम (विवाहगीत) या संज्ञा इथं लांबवत नाही. पास्टोरलमध्ये मेंढपाळ दिसतात पण मेंढरं कुणी राखत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच झालं.

नाटक: आधी जागा डोळ्यांसमोर आणा

नाटक वाचताना आपल्या डोळ्यांसमोर केशवराव भोसले नाट्यगृहासारखी रचना येते: समोर पडदा, वर दिवे, प्रेक्षक अंधारात. शेक्सपिअरच्या मंडळींचं लंडनमधलं ग्लोब नाटकगृह तसं नव्हतं. भोसले नाट्यगृहाशेजारच्या कुस्त्यांच्या खासबाग मैदानाची आठवण ठेवलीत तर जास्त जवळ जाल: वर आभाळ, चहूबाजूंनी माणसं, भर उजेडात खेळ. रंगमंच अंगणात पुढं घुसलेला, तीन बाजूंनी प्रेक्षक, एका पेनीत उभं राहायचं, गॅलरीत बसायला आणखी एक पेनी. १६०० सालच्या फॉर्च्यून नाटकगृहाचा बांधकाम करार शिल्लक आहे. त्यात रंगमंच ४३ फूट रुंद धरला आहे. ग्लोब १५९९ चं. १६१३ साली नाटकातल्या तोफेच्या ठिणगीनं छपराचं गवत पेटलं आणि ते जळालं, पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं.

याचा वाचनाशी थेट संबंध आहे. दिवे नाहीत, देखावे नाहीत, खेळ दुपारी. मग रात्र दाखवायची कशी? शब्दांत. 'हॅम्लेट'च्या पहिल्या पानावर पहारेकरी एकमेकांना ओळखत नाहीत, बारा वाजल्याचं सांगतात, थंडी कडाक्याची आहे म्हणतात. लंडनच्या दुपारच्या उन्हात उभा असलेला प्रेक्षक एवढ्यावर रात्र मानतो. म्हणून प्रत्येक प्रवेशाच्या पहिल्या वीस ओळींत वेळ, जागा आणि हवा सांगणारे शब्द अधोरेखित करा.

स्त्रियांच्या भूमिका मुलगे करत. बालगंधर्वांची परंपरा ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज नाही. स्वतः केशवराव भोसल्यांनीही लहानपणी शारदेची भूमिका गाजवली होती. 'अॅज यू लाइक इट'मध्ये मात्र वाचताना हिशेब ठेवा: मुलगा रोझलिंड करतो, रोझलिंड मुलाचा वेष घेते, आणि तो वेषधारी मुलगा रोझलिंड असल्याचं नाटक करतो.

आता पान उघडा आणि आधी फक्त डावा समास आणि ओळींची रुंदी बघा. ओळ मध्येच तुटून नवी ओळ मोठ्या अक्षरानं सुरू होत असेल तर पद्य, समासापर्यंत भरत असेल तर गद्य. राजे पद्यात आणि नोकर गद्यात बोलतात हा ढोबळ नियम आहे, पण कामाचं असतं ते बदलणं. 'ज्युलिअस सीझर'मध्ये ब्रूटस लोकांपुढं गद्यात बोलतो, अँटनी पद्यात, आणि जमाव कुणामागं जातो ते माहीतच आहे. लेडी मॅकबेथ नाटकभर पद्यात बोलते; झोपेत चालते त्या प्रवेशात तिचं बोलणं गद्यात फुटतं. चेटकिणींची 'डबल, डबल, टॉइल अँड ट्रबल' ही ओळ मोजलीत तर चार ट्रोकी निघतील. माणसांची लय हलकं-जड, यांची जड-हलकं.

तुटक्या ओळींकडं विशेष लक्ष द्या. 'मॅकबेथ'मध्ये डंकन राजाच्या खुनानंतर लगेच, मॅकबेथ आणि त्याची बायको:

— डिड नॉट यू स्पीक?
— व्हेन?
— नाऊ.
— अॅज आय डिसेंडेड?

चार संवाद, पण सिलॅबल मोजा: चार, एक, एक, पाच. मिळून अकरा. म्हणजे ही एकच पेंटामीटर ओळ नवरा-बायकोत वाटून दिली आहे. ती एका दमात म्हणावी लागते, मध्ये थांबायला जागाच नाही. घाबरलेली माणसं एकमेकांचं वाक्य संपायच्या आत बोलतात, ते इथं छंदानंच लिहून दिलं आहे. दोघांनी मिळून वाचून पाहा. थांबलात तर ओळ मोडते.

'दाऊ' आणि 'यू'. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्या रक्तातच असल्यामुळं मराठी वाचक इथं आजच्या इंग्रजी वाचकाच्या पुढं असतो. हॅम्लेटची आई गर्ट्रूड मुलाला म्हणते, दाऊ हॅस्ट दाय फादर मच ऑफेंडेड. हॅम्लेट उलटतो, मदर, यू हॅव माय फादर मच ऑफेंडेड. ती 'तू' म्हणते, तो आईशी रीतीप्रमाणं 'यू'नं बोलतो, पण तिची ओळ तिच्याच तोंडावर फेकतो. तिचा 'फादर' म्हणजे तिचा नवा नवरा क्लॉडियस, त्याचा मेलेला राजा. पुढच्याच वाक्यात तीही 'यू'वर येते. रागावलेली आई मुलाला 'तुम्ही' म्हणायला लागली की घरात काय झालंय ते कुणाला सांगावं लागत नाही. भाषांतरांतून हा बदल पुष्कळदा हरवतो, म्हणून मूळ ओळ पाहाच.

स्वगत, म्हणजे सॉलिलोक्वी, आणि असाइड यांची गल्लत होते. स्वगतात पात्र एकटं असतं किंवा स्वतःला एकटं समजतं. असाइडमध्ये इतर पात्रं तिथंच असतात, त्यांना ऐकू जात नाही असं मानायचं. तिसरा प्रकार मोनोलॉग, म्हणजे इतरांपुढं केलेलं लांब भाषण. अँटनीचं भाषण मोनोलॉग आहे, स्वगत नाही. कंसातली 'असाइड' ही सूचना पुष्कळदा नंतरच्या संपादकांची असते, म्हणून ती वेगळ्या आवृत्तीत वेगळ्या ठिकाणी सापडली तर गोंधळू नका.

स्वगत वाचताना सर्वनामं मोजा. 'टू बी'च्या भाषणात ऑफेलिया दिसेपर्यंत 'आय' हा शब्द एकदाही येत नाही. 'वी' आणि 'अस' येतात. हॅम्लेट माणसांच्या जगण्याविषयी बोलतो आहे. 'मी आत्महत्या करू का असं हॅम्लेट विचारतो' हे वाक्य उत्तरात लिहिलंत तर परीक्षकानं सर्वनामं मोजलेली नसावीत अशी प्रार्थना करा.

ड्रॅमॅटिक आयरनी म्हणजे प्रेक्षकाला ठाऊक असतं ते पात्राला ठाऊक नसणं. तिच्यासाठी 'मॅकबेथ'च्या पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश पुरेसा आहे. डंकन गद्दार सरदाराबद्दल म्हणतो, चेहऱ्यावरून मन ओळखायची विद्या नाही, त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास होता. ते वाक्य संपतं आणि मॅकबेथ आत येतो. डंकन त्याचं तोंडभरून स्वागत करतो. आयरनी इथं प्रवेश करण्याच्या वेळेत आहे. फक्त संवाद वाचणारा आणि रंगसूचना गाळणारा विद्यार्थी ती चुकवतो.

मोठे शब्द, थोडक्यात

हमार्शिया म्हणजे नायकाचा 'दुर्गुण' असं गाइडं सांगतात आणि मग हॅम्लेटचा दिरंगाई, मॅकबेथचा महत्त्वाकांक्षा, ऑथेल्लोचा मत्सर अशी यादी येते. अॅरिस्टॉटलच्या शब्दात चूक, निशाणा हुकणं, असा भाव आहे. ऑथेल्लोनं नेमकं कुणावर विश्वास ठेवला आणि कोणत्या पुराव्यावर, हे लिहिणं 'तो मत्सरी होता' यापेक्षा कितीतरी बरं.

काळ-स्थळ-कृती या तीन ऐक्यांचं खापरही अॅरिस्टॉटलवर फोडू नका. त्याचा भर कृतीच्या ऐक्यावर होता. तिन्हींचा कडक नियम १५७० साली कास्टेलव्हेत्रो या इटालियन टीकाकारानं मांडला. इंग्लंडमधली नाटकं ते पाळत नाहीत म्हणून सिडनी कुरकुरला. शेक्सपिअरनं 'द विंटर्स टेल'मध्ये मध्येच सोळा वर्षं उडवली आणि 'द टेम्पेस्ट' एका दुपारीत बसवलं.

रिव्हेंज ट्रॅजेडीचे घटक किडच्या 'द स्पॅनिश ट्रॅजेडी'त एकत्र सापडतात: भूत, लांबलेला सूड, वेड, नाटकातलं नाटक, शेवटी प्रेतांची रास. ही यादी हातात घेऊन 'हॅम्लेट' वाचा आणि प्रत्येक घटक शेक्सपिअरनं कुठं वाकवला ते टिपा. बेन जॉन्सनच्या कॉमेडी ऑफ ह्युमर्ससाठी स्वभाव ठरवणारे मानले जाणारे शरीरातले चार द्रव लक्षात ठेवा: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. आयुर्वेदाचे तीन दोष इथं आणून बसवू नका, हिशेब जुळत नाही.

शेक्सपिअरच्या नाटकांचे मराठी अवतार जरूर वाचा, पण मूळ वाचल्यावर. आगरकरांचं 'विकारविलसित' (हॅम्लेट), शिरवाडकरांचं 'राजमुकुट' (मॅकबेथ), विंदांचं 'राजा लिअर' हे सोबती म्हणून उत्तम. देवलांचं 'झुंझारराव' हे 'ऑथेल्लो'चं रूपांतर. त्यात डेस्डेमोनाची कमळजा आणि इयागोचा जाधवराव झाला आहे. त्यावरून 'ऑथेल्लो'चं उत्तर लिहायला गेलात तर फसाल.

उत्तरात मांडताना

एका मुद्द्याला तीन वाक्यं. पहिल्यात ओळ, दुसऱ्यात संज्ञा, तिसऱ्यात तिनं त्या जागी काय केलं. उदाहरणार्थ: डंकनच्या खुनानंतर मॅकबेथ आणि त्याची बायको चार तुकड्यांत बोलतात. हे चारही तुकडे मिळून फेमिनिन एंडिंगची एक पेंटामीटर ओळ होते. ओळ वाटून दिल्यामुळं दोघांना थांबायला जागा मिळत नाही आणि त्यांची भीती बोलण्याच्या वेगातच ऐकू येते.

तिसरं वाक्य सुचत नसेल तर पहिली दोन खोडा. नुसतं 'इथं ब्लँक व्हर्स आहे' यासाठी गुण मिळत नाहीत. संदर्भ अंक, प्रवेश, ओळ या क्रमानं द्या, आणि कोणती आवृत्ती वापरली ते लिहा. पद्यात ओळींचे आकडे बहुतेक आवृत्त्यांत जवळपास सारखे येतात. गद्यात ओळ पानाच्या रुंदीवर तुटते, म्हणून लेडी मॅकबेथच्या झोपेतल्या प्रवेशाचा आकडा आर्डनमध्ये एक आणि फोल्जरमध्ये दुसरा असू शकतो.